जिरेनियमची कुंडी हिवाळ्यात अशी जगवा
टोरांटो किंवा न्यू जर्सीत बाल्कनीतलं जिरेनियम पहिल्यांदा दंव गोठतं त्या रात्रीत काळं पडू शकतं. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं झाड ते, गोठणं त्याला सोसत नाही. रात्रीचं तापमान ५ ते ७ अंश सेल्सिअसवर उतरू लागलं की कुंडी आत घ्या. त्याआधी पानांची खालची बाजू बघा, पांढरी माशी तिथेच दडते. फांद्या निम्म्याने छाटा. छाटताना जीव तुटतो, पण घरातल्या अपुऱ्या उजेडात त्या नुसत्या लांबत जाऊन लुळ्या पडतात.

जागा दक्षिणेकडच्या खिडकीतली, हीटरपासून लांब. १० ते १५ अंशांची गार खोली असेल तर उत्तमच. आणि पाणी! आत आणलेलं जिरेनियम बहुधा मायेने घातलेल्या पाण्यानेच सडतं. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. खत नको.

पानं पिवळी पडून गळली तरी लगेच फेकू नका. खोड नखाने जरासं खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मार्चमध्ये माती बदला, थोडं खत द्या; बाहेर मात्र दंव गोठायचं पुरतं थांबल्यावरच ठेवा.