जुना टॅब घेऊन त्यावर रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्याची अँड्रॉइड सिस्टिम) टाकायची, की सरळ नवा घ्यायचा?

टॅब कोणासाठी हवाय ते आधी ठरवा. आईबाबांसाठी किंवा पोरांच्या अभ्यासासाठी असेल तर बिल-वॉरंटीसकट नवा घ्या आणि विषय संपवा. बँकेची अ‍ॅप लागणार असतील तरी नवाच. रॉम टाकायला बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं; तशा टॅबवर त्यातली बरीच चालत नाहीत आणि त्यावरचे जुगाड कधी बंद पडतील याचा भरवसा नसतो.

वाचायला, पीडीएफवर खुणा करायला, खटपट करून शिकायला हवा असेल तर जुना स्वस्त टॅब घेऊन त्यावर लिनिएजओएस (अँड्रॉइडवर बेतलेली मोफत रॉम) टाकणं मला जास्त पटतं. पण पैसे देण्याआधी मॉडेल नंबर बघा. नाव नव्हे, नंबर. उदाहरणार्थ, सॅमसंगचा टॅब एस६ लाइट. २०२० चा वायफायवाला एसएम-पी६१०, आत एक्सिनॉस ९६११ चिप. २०२२ मध्ये त्याच नावाने आलेला पी६१३, आत स्नॅपड्रॅगन ७२०जी. बाहेरून ओळखू येत नाहीत, पण एकाची रॉम दुसऱ्याला चालत नाही. सिमवाला पी६१५, त्याची रॉम आणखी वेगळी.

विकणारा म्हणेल, "एस६ लाइटच आहे, काय फरक पडतो?" पडतो. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट टॅबलेट’चा फोटो मागवा, खोक्यावर विसंबू नका, खोकी बदललेली असतात. तो नंबर शेवटच्या आकड्यासकट लिनिएजच्या विकीवर सापडला तरच पुढे बोला. नाहीतर सौदा सोडा, कितीही स्वस्तात मिळत असो.

घेताना जुन्या मालकाला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर रिकव्हरीतून (सिस्टिम सुरू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रिसेट मारलेला टॅब घरी आल्यावर त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. मग फोनच्या हॉटस्पॉटवर नेट देऊन, बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारून, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडायची परवानगी देणारा पर्याय) दिसतंय का ते तिथल्या तिथे बघा.

अनलॉक केलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे माहीत असेलच. माहीत नसतं ते हे: सॅमसंगवर कंपनीबाहेरची रिकव्हरी किंवा रॉम टाकली की नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज कायमचा उडतो. पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर (खाजगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) परत येत नाही. ओटीटीवर एचडी मिळेल हेही गृहीत धरू नका.

बाकीचं पटापट. केबल डेटावाली, बॅटरी भरलेली, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर) आधीच उतरवून ठेवलेलं. उतरवताना पुन्हा नंबर बघा. रॉमच्या फाइलवरही बघा. मग अनलॉक, रिकव्हरी, फॉरमॅट, रॉम. गूगलची अ‍ॅप हवी असतील तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाका, नंतर टाकायची तर पुन्हा सगळं पुसावं लागतं. पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.