चर्चिलला येताय? आधी दाराचं ऐका

दोन कुलपं घालून दार तिसऱ्यांदा ओढून बघायची आपली सवय विनिपेग शहरातच सोडून या. इथे, कॅनडाच्या उत्तरेकडच्या या गावात, घराला, गाडीला बरेच जण कुलूप लावत नाहीत. रस्त्यात पांढरं ध्रुवीय अस्वल आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून.

कपड्यांचं काय ते विनिपेगच्या दुकानात विचारा. इथवर रस्ता नाही. विमान, नाहीतर दोन दिवसांची रेल्वे. 2017 च्या पुरात रूळ वाहून गेले आणि दीडेक वर्ष गाडी आली नाही, म्हणून डाळ-तांदूळ भरून ठेवा.

आता अस्वलं. गावाला लागून असलेल्या हडसन बे या समुद्राचा बर्फ ही त्यांची सील नावाच्या समुद्री प्राण्यांची शिकार करायची जागा. उन्हाळ्यात तो वितळला की ती किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात समुद्र गोठेपर्यंत अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. 1980 च्या दशकापेक्षा हे दिवस तीन-चार आठवड्यांनी वाढलेत. तेव्हा या भागात सुमारे 1200 अस्वलं होती, 2021 च्या मोजणीत 618 भरली. नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो, "मग धोका निम्मा झाला की!" अहो, उपाशी पाहुणा जास्त दिवस दारात बसलाय. उत्तरेला आर्वियाट गावचे इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, तर म्हणतात, अस्वलं कमी कुठे झालीत, गावात पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. जन्मभर त्यांच्या शेजारी राहिलेल्यांना खोटं पाडायची माझी छाती नाही.

माझी चूक ऐका. पहिल्याच नोव्हेंबरात बाहेर उणे वीस, मग फ्रीज कशाला, म्हणून मटणाची पिशवी मागच्या पडवीत ठेवली. पहाटे दार चौकटीसकट आत आलं. नवीन दार रेल्वेने यायला पाच आठवडे आणि अर्धा पगार लागला. शेजारी रागावले ते वेगळंच, आणि बरोबर रागावले. एकदा घरात खायला मिळालं की अस्वल पुढच्या घरी जातं. याच कारणाने गावाने उघडा उकिरडा 2005 मध्ये बंद केला. कचराही पडवीत नको. मटण, मासे, कचरा, काहीच नको!

किनाऱ्यावरच्या खडकांत फोटोला जाऊ नका. आपली मुलं रीलपायी हमखास जातात. खडकामागे झोपलेलं अस्वल दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. अस्वल दिसलं की रात्री दोनलाही अस्वलांवर नजर ठेवणाऱ्या गस्तीच्या नंबरवर फोन करा, इथे कुणी "झोपमोड केली" म्हणत नाही. पकडलेलं अस्वल लष्कराच्या जुन्या इमारतीत ठेवतात, पाणी देतात, खायला नाही.

येताना गोडा मसाला आणा, माझ्यासाठीही. सुके बोंबील नकोत. गेल्या वर्षी एकाने खिडकीबाहेर टांगले होते.