घरचा कास्तकार आतून खचत चाललाय असं वाटलं तर काय करायचं

हे मी कास्तकारापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी जास्त लिहितोय. आपल्याकडचा माणूस स्वतःहून येऊन "मले लय टेन्शन आलं" असं सांगत नाही, विचारलं तर "काही नाही बावा, ॲसिडिटी झाली" म्हणून मोकळा होतो. मग लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं.

आधी टाइम ओळखा. जूनमध्ये बियाण्याला पैसा लागतो आणि पीककर्ज जुन्या थकबाकीत नाहीतर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डात, अडकलेलं असतं, मग कृषी केंद्रातून उधारीवर बॅगा उचलायच्या नाहीतर दीडीनं, म्हणजे दीडपट परत द्यायच्या बोलीवर, पैसा आणायचा, पेरून झालं की पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी डोक्यावर. पुढं सोयाबीन सोंगायला आलं की परतीचा पाऊस, कापसाच्या पऱ्हाटीवर बोंडअळी. माल घरात आला की भाव पडलेला. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल होता, पण ज्याच्या दारात देणेकरी उभा आहे तो सरकारी खरेदीच्या नंबरची वाट कशी बघणार, तो मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला देऊन टाकतो. मला विचाराल तर सगळ्यात वाईट काळ दुष्काळाचा नाही, माल विकून झाल्यावरचा आहे. पीक वावरात उभं असतं तोवर माणसाला आशा असते, चुकारा हातात आला की कळतं यंदाही फिटत नाही. त्यात मार्चचा भरणा आणि पुढं लग्नाचे दिवस.

लक्षणं म्हणाल तर रडणं वगैरे कमीच दिसतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन मग झोपच नाही, जेवण कमी, डोकं जड, अंग दुखतं म्हणून सारखा डॉक्टर, अनोळखी नंबर उचलणं बंद, पारावर येणं बंद, दारू वाढलेली, पोरांवर उगाच खेकसणं. निंदणाला बाया लावायच्या असतात आणि हा वावरात जातच नाही. हे दोन-तीन आठवडे सलग दिसलं तर "मूड नसेल" म्हणून सोडून देऊ नका. आणि अचानक सगळे कागद काढून बायकोला दाखवायला लागला, "आता तुम्हीच पाहा" म्हणायला लागला, किंवा लय दिवसांच्या उदासीनंतर एकदम शांत झाला तर त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका.

बोलायचं कसं? चार जणात नाही. ढोरांना पाणी पाजताना, धुऱ्यावर बसून, नाहीतर गाडीवर मागं बसून. "टेन्शन घेऊ नको", "सगळ्यांचंच असं आहे", "पोरांकडं पाहा" हे तिन्ही बंद करा, त्यानं माणूस अजून गप्प होतो. सरळ म्हणा, "भाऊ, बरेच दिवस झाले तू झोपला नाहीस असं दिसते, काय चाललं?" आणि मग गप्प बसा, खरंच गप्प बसा. शंका असेल तर स्पष्ट विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो ही लोकांची भीती खोटी आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. कर्ज मेल्यानं मिटत नाही, ते मागं राहिलेल्या मालमत्तेवर येतं, हे खरंय, पण अशा वेळी ते त्याला ऐकवू नका, तेव्हा हिशेब कामाचा नाही.

हिशेबाची वेळ नंतर, तो जरा सावरला की. आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. माणसाला देणं खाते त्याच्यापेक्षा लपवलेलं देणं जास्त खाते, कारण खरा आकडा बायकोला माहीत नसतो, बापाला माहीत नसतो. पोराची एक जुनी वही घ्या आणि सगळं लिहा, सोसायटी, बँक, कृषी केंद्र, दीडी, बायकोच्या बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचा हप्ता, गाडीचा हप्ता, साळ्याकडून घेतलेले हातउसने. प्रत्येकासमोर लिहा व्याज किती, कागद कशावर सही केला, आणि दारात कोण येते. लिहिल्यावर बहुतेक वेळा दिसते की झोप उडवणारं देणं सगळ्यात मोठं नसतेच. बँकेच्या दोन लाखाची नोटीस कपाटात पडून राहते, पण बाजाराच्या दिवशी चार लोकांसमोर पंधरा हजार मागणारा दुकानदार रात्रभर डोक्यात बसतो. त्याच्याकडं आधी जा, सोबत जा, आणि तारीख ठरवून या.

बँकेचं म्हणाल तर गावची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत आली तर पीककर्जाच्या पुनर्गठनाचं, म्हणजे फेडीची मुदत वाढवून हप्ते नव्यानं बांधून घ्यायचं, विचारा, स्वतःहून कोणी सांगत नाही. 3 लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्य पडते, म्हणून जे खातं अजून चालू आहे ते थकू देऊ नका. बिनपरवाना सावकार असेल, आणि खास करून कर्जाच्या बदल्यात वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. सावकार गावातलाच असतो, त्याच्याविरुद्ध जाणं सोपं नाही हे मलाही कळते, पण रस्ता आहे हे माहीत असलेलं बरं.

फवारणीचं औषध घरात, गोठ्यात ठेवू नका. लोखंडी पेटीत कुलूप, चाबी दुसऱ्याकडं, आणि सीझन संपल्यावर उरलेलं जमा करून ठेवायचं नाही. जीव द्यायचा विचार बऱ्याचदा थोड्याच वेळात ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं पाहिजे. आणि कोणी घेतलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवत बसू नका, 108 ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं ठरलंय.

डॉक्टरकडं जायला लाज वाटत असेल तर आधी 14416 ला फोन लावा, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असते, मराठीत बोलता येते आणि घरच्यांनी लावला तरी चालते. गावातल्या आशाताईंना सांगा. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, "वेड्याचा डॉक्टर" म्हणून गावात चर्चा होईल असं वाटलं तर झोप येत नाही म्हणून चाललो म्हणा, तेही खोटं नाही. उदासीच्या गोळीचा फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसात काही झालं नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानंही बंद करू नका. पुढच्या तारखेला सोबत जा, कापूस वेचणी चालू असली तरी. वेचणीच्या गडबडीत तारीख हमखास चुकते, म्हणून ती त्याच वहीत लिहून ठेवा, कृषी केंद्राच्या उधारीखाली.