लिनक्स सगळ्यात शेवटी: मुक्त सॉफ्टवेअरकडे जाताना कामांचा क्रम

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे हातपाय धड असलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेला सेवानिवृत्त झाले. त्यांचं काय करायचं याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "लिनक्स टाक", म्हणजे विंडोजच्या जागी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बसव. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. शनिवारी लिनक्स बसतं, सोमवारी संस्थेचं जुनं पत्र इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं उघडतं, मंगळवारी प्रिंटर हूं की चूं करत नाही, आणि गुरुवारी विंडोज परत आलेलं असतं.

क्रम उलटा लावला की ही फजिती टळते. आधी फायली सोडवायच्या, मग विंडोजवर असतानाच प्रोग्राम बदलायचे, आणि त्या प्रोग्रामांत महिनाभर काम निभावलं की खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची.

मुक्त आणि मोफत

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने चाळीस वर्षं गोंधळ घातला आहे. मराठीत मुक्त आणि मोफत हे शब्द मुळातच वेगळे आहेत, तर ते वेगळेच ठेवावेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू प्रकल्प, म्हणजे एक संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा बेत, जाहीर केला. त्यातून पुढे जी व्याख्या ठरली तिच्यात चार मोकळीकी आहेत: प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवणं, तो आतून बघून बदलणं, त्याच्या प्रती वाटणं, आणि बदललेल्या प्रतीही वाटणं. किमतीचा यात कुठेच उल्लेख नाही. गुगल क्रोम मोफत आहे, मुक्त नाही. ज्यावर तो उभा आहे तो क्रोमियम मुक्त आहे. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड-संपादकाचा सोर्स (मूळ आज्ञावली) एमआयटी परवान्याखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली तयार प्रत वेगळ्या, बंद परवान्याखाली येते. पूर्ण मुक्त प्रत हवी असेल तर व्हीएस-कोडियम घ्यावं लागतं. म्हणून प्रोग्राम निवडताना 'ओपन सोर्स' ही पाटी न वाचता परवान्याचं नाव बघा: जीपीएल, एमपीएल, अपाची, एमआयटी यांपैकी काही दिसलं तर ठीक.

सामान्य वापरणाऱ्याला सोर्स कोड बघायचा नसतो, हे मान्य. त्याच्यासाठी कसोटी एकच: हा प्रोग्राम उद्या गेला, तर माझी फाइल दुसऱ्या कशात उघडेल का?

पहिलं काम: जुन्या फॉन्टांतून मराठी सोडवणं

मराठी माणूस या कसोटीला सगळ्यात जास्त जिथे अडकतो ती जागा म्हणजे श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे डीव्ही-टीटी असे जुने फॉन्ट. या फायलींत 'क' नावाचं अक्षर नसतंच. असतं ते एखादं लॅटिन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की भाषा गेली. शोध चालत नाही, अनुक्रम लागत नाही, डोळस नसलेल्यांचं वाचन-सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या सामाईक संकेतात 'क' हा 'क'च असतो, फॉन्ट कुठलाही लावा.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये रूपांतर असं करा.

मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि तिला हात लावू नका. कामाची प्रत लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचातल्या रायटरमध्ये (वर्डच्या जागचा प्रोग्राम) उघडा, मजकुरात कर्सर ठेवून फॉन्टचं नेमकं नाव टिपा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांची मांडणी वेगळी असू शकते, त्यामुळे "श्री-लिपी आहे" एवढं पुरत नाही, पुढचा आकडाही लिहून घ्या.

एकाच परिच्छेदात मराठी जुन्या फॉन्टात आणि फोन नंबर, ईमेल साध्या एरियलमध्ये असेल, तर सरसकट रूपांतर करू नका, ईमेलचाही कडबा होतो. शोधा-आणि-बदला खिडकीत 'अदर ऑप्शन्स' उघडून 'फॉरमॅट' बटणातून तो जुना फॉन्ट निवडा आणि 'फाइंड ऑल' दाबा. फक्त त्या फॉन्टातला मजकूर निवडला जातो.

रूपांतरक (रूपांतर करणारा प्रोग्राम) निवडताना आधी चाचणीचा उतारा चालवा. सोप्या शब्दांनी काही कळत नाही. हे शब्द त्या जुन्या फॉन्टात टाइप करून बघा: किल्ल्यात, वर्ष, कर्तृत्व, दऱ्या, सुऱ्या, ट्रॅक्टर, ऑगस्ट, हृदय, श्रद्धा, ज्ञानेश्वर, द्वितीय, वाङ्मय, स्थितीत, मर्जीत. यातले बारा नीट आले आणि दोन चुकले, तर ते दोन कुठले हे लिहून ठेवा. पुढे शेकडो पानांत तेवढंच शोधायचं आहे.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की रूपांतरक तिला मधेच सोडतो. रफाराचं उलट: दिसतो तिथे, अक्षरानंतर टाइप केलेला असतो, आणि युनिकोडमध्ये 'र्' आधी लागतो. वेलांटी किंवा मात्रा अनाथ झाली की स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते दिसलं की चूक पकडली गेली असं समजा. खरा धोका आहे तो नीट दिसणाऱ्या चुकीच्या शब्दाचा, म्हणून आकडे, नावं आणि रकमा डोळ्यांनी मुळाशी ताडून बघाव्याच लागतात.

एक छुपं कारण फार थोड्यांच्या लक्षात येतं. वर्डमधली स्वयंदुरुस्ती सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार करते. जुन्या फॉन्टात त्या चिन्हाच्या जागी एखादं अर्धं अक्षर बसवलेलं असू शकतं, आणि ते टाइप होतानाच बदललं गेलेलं असतं. मग रूपांतरक एकच अक्षर कधी बरोबर, कधी चूक देतो. असं दिसलं तर रूपांतराआधी वळणदार चिन्हं पुन्हा सरळ करून घ्या.

आणि सभासदांच्या याद्या, इतिवृत्तं, वकिली कागद ऑनलाइन रूपांतरकात चिकटवू नका. आपल्याच संगणकावर चालणारा रूपांतरक शोधा, थोडा ओबडधोबड असला तरी चालेल.

दुसरं काम: विंडोजवरच लिबरऑफिस

लिबरऑफिस बसवल्यावर ताबडतोब टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा आणि त्याची भाषा मराठी ठेवा. मग 'फॉन्ट बदलला तरी मराठी बदलत नाही' या तक्रारीचं मूळ कळतं. लिबरऑफिस लॅटिन लिपीसाठी एक फॉन्ट ठेवतं आणि देवनागरीसाठी दुसरा. डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये दोन्ही एकदाच ठरवून टाका.

देवनागरीसाठी मुक्त फॉन्ट चांगले आहेत: मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, नोटो सॅन्स देवनागरी, लोहित. पत्रव्यवहाराला मुक्ता, पुस्तकी किंवा संस्कृत मजकुराला शोभिका. मंगल आणि कोकिला हे विंडोजचे फॉन्ट आहेत, लिनक्सवर नसतात. त्यांत बांधलेल्या कागदाची पानं दुसरीकडे हलणारच. लॅटिनमध्येही तेच. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, केंब्रियाच्या जागी कॅलाडिया, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ लावला तर अक्षरांची रुंदी तीच राहते आणि ओळी मोडत नाहीत.

आपल्यासाठी ओडीटीत, म्हणजे लिबरऑफिसच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात, साठवा. ओडीटी ज्या ओडीएफ कुटुंबातलं आहे ते २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक आहे. बाहेर पाठवताना पीडीएफ. एक्सपोर्ट करताना 'हायब्रिड पीडीएफ' हा पर्याय निवडला की त्या पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफही जातं, म्हणजे वर्षभराने दुरुस्ती करायला तीच फाइल लिबरऑफिसात उघडता येते. समोरच्याला वर्डचीच फाइल हवी असेल तर डॉकएक्स द्या, पण तीच फाइल दोघांनी आळीपाळीने दहा वेळा उघडून साठवू नका. दर फेरीला तक्ते आणि क्रमांकन थोडं थोडं सरकतं. एक्सेलमधली सूत्रं बहुतेक चालतात, मॅक्रो (फाइलीत लिहिलेल्या छोट्या आज्ञावली) मात्र भरवशाचे नाहीत. मॅक्रोवर चालणारी वही असेल तर ती आत्ताच चालवून बघा.

याच महिन्यात ईमेल थंडरबर्डमध्ये, पासवर्ड कीपासएक्ससीमध्ये आणा. हे तिन्ही प्रोग्राम लिनक्सवर जसेच्या तसे भेटतात.

जे हलणार नाही त्याची यादी

टॅली, कोरलड्रॉ, पेजमेकर, डिजिटल सहीचा टोकन, एखाद्या खात्याची फक्त विंडोजसाठी बनवलेली युटिलिटी. यातलं काही रोजच्या पोटापाण्याचं असेल तर विंडोज पूर्ण पुसू नका. शेजारी ठेवा, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) चालवून यूएसबी टोकन आत जोडून बघा. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनवर काही जुने प्रोग्राम चालतात, पण हिशेबाचं काम वाइनवर टाकणं शहाणपणाचं नाही. यात तत्त्व बुडालं असं म्हणणारे भेटतील. त्यांना जीएसटीचं विवरण भरायला बसवा.

प्रिंटरचं आधीच पाहा. आपल्याकडच्या ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हटकून दिसणाऱ्या दोन यंत्रांतच गोम आहे. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (यंत्राच्या आतली आज्ञावली) लागतं. लिनक्सवर ते एचपीएलआयपी या एचपीच्या ड्रायव्हर-संचाच्या बंद प्लगिनमधून जातं, आणि एचपीएलआयपी अपडेट झालं की त्याच आवृत्तीचं प्लगिन पुन्हा घालावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाची स्वतःची बोली बोलतो, तो जास्त छळतो. नवा प्रिंटर घ्यायचा तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं बघून घ्या, तो ड्रायव्हरशिवाय चालण्याची शक्यता चांगली. गंमत म्हणजे या चळवळीची एक ठिणगीही प्रिंटरचीच: एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड स्टॉलमन यांना मिळाला नव्हता.

आता लिनक्स

लिनक्स वेगवेगळ्या तयार संचांत मिळतं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. सुरुवातीला लिनक्स मिंट. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल तर आधी २४० जीबीचा साटा एसएसडी बसवा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही.

इन्स्टॉलेशनची फाइल, जिला आयएसओच म्हणतात (मानक संस्थेशी गल्लत नको), सुमारे ३ जीबीची असते. उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइलीची ठशासारखी खूण) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून मिळतो. अर्धवट उतरलेली आयएसओ हे इन्स्टॉलेशन मधेच फसण्याचं नेहमीचं कारण. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रूफस या प्रोग्रामने त्यावर आयएसओ लिहा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

विंडोजमध्ये तीन गोष्टी करून घ्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि मगच ते बंद करा. पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं विभाजन (पार्टिशन) लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून किमान ५० जीबी जागा मोकळी करा. हे काम विंडोजच्या हातूनच होऊ द्या.

पेनड्राइव्हवरून बूट करायला डेल आणि लेनोव्होत एफ-१२, एचपीत एस्केप आणि मग एफ-९. काही न बसवता मिंट तसंच चालतं. या अवस्थेत तासभर घालवा: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडणं, प्रिंटर. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरला त्यातून ड्रायव्हर आणू द्या. हा ड्रायव्हर बंद सोर्सचा असू शकतो. शुद्धतावाद्यांना ते खुपतं, पण मुक्ततेबाबत काटेकोर असलेल्या डेबियन या डिस्ट्रोनेही २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. वायफाय नसलेला शुद्ध संगणक कपाटात जातो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) डिस्कसाठी इंटेलचा रेड किंवा आरएसटी मोड चालू असतो. तो एकदम एएचसीआय या साध्या मोडवर आणला तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवून, बायोसमध्ये बदल करून, सेफ मोडमध्ये एकदा उठवून मग नेहमीच्या मोडमध्ये आणा.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवल्या की विंडोजचं घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी गेलेली नसते. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्सला तिथे स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट टॅबवर अधिक चिन्ह दाबा. इनस्क्रिप्ट येत असेल तर 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट', इंग्रजी उच्चाराने लिहायचं तर 'मराठी, कगप फोनेटिक'. भाषा बदलायची कळ तिथेच ऑप्शन्समध्ये ठरते. 'दऱ्या'मधला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश असा येतो. साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही तोच आकार दिसतो, पण शोधताना हे दोन शब्द एकमेकांना सापडत नाहीत. 'ॲ'चंही तसंच, तो एकाच खुणेचा घ्या, 'अ'वर चंद्र ठेवून बनवू नका. संस्थेत चारजण टाइप करणारे असतील तर हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर सभासदांच्या यादीत 'कऱ्हाड' दोन ठिकाणी लागेल.

विंडोजचं विभाजन किमान तीन महिने राहू द्या. त्या काळात तिकडे किती वेळा आणि कशासाठी जावं लागलं ते कागदावर टिपत जा. पुसायचं की ठेवायचं ते त्या कागदावरून ठरवा.