सिंगल शॉट रायफल: स्वस्त बंदूक, मोठं काडतूस आणि खांद्याची तयारी

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी शेतरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, मतमोजणी झाली की परत यायची. काका ती वापरताना पाहिलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. नळीत एकच काडतूस असलं की माणूस बार काढण्याआधी थांबतो, बघतो, आणि बऱ्याचदा काढतच नाही.

आता राहायला इलिनॉयमध्ये आहे. इथे १ जानेवारी २०२३ पासून हरणाच्या शिकारीला ठरावीक काडतुसांची रायफल चालते, पण ती सिंगल शॉटच (एका वेळी एकच काडतूस बसणारी) असावी लागते. त्याआधी बंदुकीच्या हंगामात लोक मुख्यतः शॉटगन आणि स्लग (शॉटगनची एकच मोठी गोळी) वापरत. नियम बदलल्यावर ओळखीतल्या तिघाचौघा मराठी मंडळींनी मला विचारलं की स्वस्तातली रायफल कोणती घ्यावी आणि तिचा झटका सोसेल का. हा लेख त्यांच्यासाठी, आणि अमेरिकेत कायदेशीरपणे हा नाद करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी. भारतातल्या वाचकांनी तो फक्त माहितीसाठी वाचावा. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि शस्त्र परवान्याची वाट अगदी वेगळी आहे.

पहिली पायरी: आपल्याला हात लावायची मुभा आहे का?

दुकानात जाण्याआधी आपला व्हिसा पाहा. आपल्याकडच्या फार जणांना हे माहीत नसतं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू, वैध शिकार परवाना. मित्राच्या बंदुकीने रेंजवर दोन बार काढणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. ‘काय होतंय’ म्हणून पुढे गेलात तर ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही. मनात किंचित जरी शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

त्यानंतर राज्याचे नियम. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांकडून फॉइड कार्ड (बंदूक बाळगण्याचं ओळखपत्र) घ्यावं लागतं. काडतुसं ठेवायलाही ते लागतं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि बंदूक हातात यायला ७२ तास थांबावं लागतं. न्यू जर्सीत कार्ड वेगळं, टेक्ससमध्ये असं कार्डच नाही. १ जानेवारी १९८० ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इलिनॉयमध्ये शिकार परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. तुमचा जन्म आधीचा असला तरी ते करा. बंदूक कधी हातात न धरलेल्या माणसाला त्याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

दुसरी पायरी: आधी काडतूस ठरवा, मग बंदूक

बहुतेक जण उलटं करतात. बंदूक आवडते, मग तिच्यात जे काडतूस बसेल ते. इथे काडतूस कायद्याने बांधलेलं आहे. ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग, आयोवा, इलिनॉय हा सपाट आणि वस्तीचा प्रदेश. बाटलीसारख्या मानेच्या काडतुसाची वेगवान गोळी फार लांब जाते, म्हणून इथे सरळ भिंतीच्या पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या आवरणाला) पसंती मिळाली. ओहायो आणि मिशिगनने २०१४ मध्ये ही परवानगी दिली. पण मिशिगनने त्या भागासाठी पुंगळीची लांबी १.८० इंचांपर्यंतच मान्य केली, आणि .४५-७० या काडतुसाची पुंगळी २.१०५ इंचांची! ओहायोत चालणारी बंदूक सीमेपलीकडे त्या नियमात बसली नाही, ती यामुळे. म्हणून दरवर्षी आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचायची. मित्राने सांगितलेलं धरून चालायचं नाही.

.४५-७० बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझा जीव तिच्यावर आहे. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्प्रिंगफील्डच्या ‘ट्रॅपडोअर’ सिंगल शॉट रायफलीसाठी हे काडतूस घेतलं. नावातले ४५ म्हणजे इंचाचे शतांश, आणि ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू, साधारण साडेचार ग्रॅम. पुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे सव्वीस ग्रॅम. अशी गोळी सावकाश जाते, पण जड असल्यामुळे खोल घुसते. दीडशे वर्षांनंतरही हे काडतूस दुकानात सहज मिळतं.

त्या वयामुळे एक धोकाही आहे. .४५-७० ची काडतुसं वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. जुन्या ट्रॅपडोअरला झेपतील अशी हलकी, लिव्हर रायफलीसाठी (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) मधली, आणि फक्त आजच्या मजबूत बंदुकांसाठीची अतिजोरदार. तिन्ही एकाच नळीत बसतात. खोक्यावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय काडतूस घालू नका, आणि आजोबांच्या काळातली बंदूक कोणी दिली तर बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय ती चालवू नका.

बाकीचे पर्याय थोडक्यात. .४५० बुशमास्टर ताकदीने जवळपास तितकंच, पुंगळी आखूड. .४४ मॅग्नम झटक्याला बरंच सुसह्य आणि शंभर यार्डांच्या आत हरणासाठी पुरेसं. २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड खांद्याला सर्वांत मऊ. पहिलीच रायफल असेल तर मी यातलं शेवटचं किंवा .४४ घ्यायला सांगेन. तरीही निम्मे लोक .४५-७० च घेतात, म्हणून पुढचं सगळं त्यांना धरून लिहितो.

तिसरी पायरी: खरेदी

नव्यात सीव्हीएची स्काउट ही सर्वांत परवडणाऱ्यांपैकी एक. हेन्रीची सिंगल शॉट २०१७ मध्ये आली. तिचं लाकूड आणि घडण वरच्या दर्जाची, किंमतही त्या मानाने जास्त. रुगरची नंबर १ सुंदर बंदूक आहे, पण ‘परवडणारी’ या शब्दात ती बसत नाही.

जुन्या बाजारात नाव एकच, हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची हँडी-रायफल. तिचं उत्पादन २०१५ मध्ये थांबलं, तरी जुन्या बंदुकांच्या दुकानांत ती अजून दिसते. घेताना चार गोष्टी पाहा. बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करून फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) काढा आणि बंद स्थितीत नळी हलवून बघा. खडखडली तर ठेवून द्या. नळीत उजेड टाकून गंज आणि खड्डे पाहा. फायरिंग पिनचं (काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीचं) छिद्र मोठं किंवा झिजलेलं नसावं. चौथी गोष्ट जिवाशी निगडित आहे. या कंपनीच्या चौकटी दोन प्रकारच्या होत्या, आणि शॉटगनसाठीच्या चौकटीवर रायफलची नळी बसवायची नसते. सुटी नळी स्वस्तात मिळाली म्हणून घरातल्या शॉटगनवर चढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की नळी बसवण्याचं आणि हेडस्पेस (बंदूक बंद झाल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) मोजण्याचं काम कारागिराकडूनच करून घ्या.

पैसे सगळे बंदुकीत घालू नका. .४५-७० च्या एका काडतुसाला दोन-तीन डॉलर पडतात, कधी जास्तही. सरावाच्या शंभर काडतुसांचा हिशेब धरला की स्वस्त बंदुकीएवढाच खर्च पुन्हा येतो. त्याशिवाय कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, दस्त्याच्या मागे लावायचा चांगला रबरी बटपॅड आणि दोन खोटी काडतुसं, ज्यांना इथे स्नॅप कॅप म्हणतात.

चौथी पायरी: झटका

या बंदुका हलक्या असतात, सहा ते सात पौंड, म्हणजे जेमतेम तीन किलो. झटका अंगावर येतो तो त्यामुळेच. काडतूस तेच असेल तर झटक्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट प्रमाणात बदलते. सात पौंडांची बंदूक आठ पौंडांची केली की ती ऊर्जा आठव्या हिश्शाने घटते. दस्त्याच्या पोकळीत कपड्यात गुंडाळून वजन घट्ट बसवणं हा जुना, साधा उपाय आहे, आणि तो लागू पडतो.

दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट धरा, गळ्याखालच्या आडव्या हाडावर नको. पुढच्या हाताने फोरएंड मागे ओढून ठेवा. टेबलावर वाकून बसलात तर सगळा झटका खांद्यातच मुरतो. ताठ बसा, किंवा सुरुवातीचे बार उभ्यानेच काढा, म्हणजे शरीर मागे झुलतं. दुर्बीण बसवलीत तर डोळा आणि भिंग यांत साडेतीन-चार इंच तरी अंतर हवं. माझ्या पहिल्याच दिवशी, उसनी घेतलेल्या रायफलीच्या दुर्बिणीची कड भुवईवर आदळली आणि चार टाके पडले. अंतर तपासायला दहा सेकंद लागतात. मी ती दिली नव्हती.

पहिल्या दिवशी दहा काडतुसं पुरेत, आणि तीही सर्वांत हलक्या ताकदीची. दहानंतर शरीर बार होण्याआधीच दचकायला लागतं, डोळे मिटतात, चाप हिसकला जातो. ही सवय एकदा लागली की महिनोन्‌महिने जात नाही. ती पकडण्याची युक्ती सिंगल शॉटमध्ये सोपी आहे. सोबतच्या माणसाला सांगा की त्याने तुम्हाला न दाखवता कधी खरं काडतूस घालावं, कधी खोटं. खोट्यावर चाप ओढताना नळीचं तोंड खाली गेलं तर दचक तुमच्यात आहे. मग घरी जाऊन खोट्या काडतुसावर शंभरदा चाप ओढा, आणि रेंजवर .२२ ने सराव करा.

पाचवी पायरी: घोड्याची सवय

या बंदुकांना मागे उघडा घोडा असतो. तो ताणलेला आहे आणि हरीण निघून गेलं, अशा वेळी घोडा हळूच उतरवताना सर्वांत मोठी जोखीम असते. थंडीत बोटं बधिर असतात, हातमोजा असतो, अंगठा सटकतो. दुर्बीण असेल तर घोड्याला बाजूला निघणारा खिळा, हॅमर एक्स्टेन्शन, लावून घ्या. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत उतरवण्याची जी रीत दिली आहे ती रिकाम्या बंदुकीवर हातमोजे घालून इतकी करा की विचार करावा लागणार नाही. आणि हे सगळं करताना नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला.

घोडा ताणायचा तो नेम धरल्यावरच. चालताना बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीतून उघडून), काडतूस खिशात.

सहावी पायरी: नेम बसवणं

आधी २५ यार्डांवर कागद लावा. बहुतेक दुर्बिणींच्या खुंटीचा एक क्लिक नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणून २५ यार्डांवर एक इंच हलवायला १६ क्लिक लागतात, १०० वर ४. वाळूची पिशवी फोरएंडच्या टोकाखाली न ठेवता बिजागरीच्या जवळ ठेवा, आणि दर वेळी त्याच जागी. मोडणाऱ्या बंदुकीत नळीवर पडणारा दाब बदलला की गोळीची जागा बदलते. हँडी-रायफलच्या फोरएंडच्या स्क्रूपाशी एक साधी रबरी ओ-रिंग घालून अनेकांनी गोळ्या एका जागी आणल्या आहेत. दोन बारांमध्ये नळी गार होऊ द्या. नळी बंद ठेवणारं कुलूप जिथे बसतं तो धातूचा ओठ स्वच्छ आणि कोरडा ठेवा, तिथे तेल नको.

शंभर यार्डांवर नेम बसवला की ४०५ ग्रेनची हलक्या ताकदीची गोळी दोनशे यार्डांवर दोन फुटांच्या आसपास खाली पडते. ३०० ग्रेनचीही फूटभराहून जास्त. म्हणून मी सव्वाशे यार्डांपलीकडे बंदूक उचलत नाही. पण ‘गोळी लवकर पडते, म्हणजे धोका नाही’ असंही समजू नका. ती जड गोळी जमिनीवरून उसळून खूप दूर जाते. मागे मातीचा उतार असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, हा मचाणाचा मोठा फायदा.

घरी आल्यावर

हात साबणाने धुवा, शिसं लागलेलं असतं. मोडणाऱ्या बंदुकीची नळी मागूनच साफ करता येते, तिथूनच ब्रश घाला. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. गणपतीला, दिवाळीला घरात दहा मुलं येतात, त्यांच्यातल्या प्रत्येकाचा विचार करून जागा ठरवा. आणि घरातलं कोणी खचलेलं, निराश असेल तर ती माणसं सावरेपर्यंत बंदूक घराबाहेर, कायद्याने चालेल अशा ठिकाणी ठेवा. यात संकोच करू नका.

हंगामाआधी रेंजवर गेलात की थंड नळीतून एकच गोळी कागदावर झाडा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच कागदावर दुसरी, मग तिसरी. वेगवेगळ्या दिवशीच्या अशा पाच गोळ्या १०० यार्डांवरून तळहाताएवढ्या गोलात आल्या, तर नोव्हेंबरात रानात जा. नाही आल्या, तर यंदा मचाणावर नुसतं बसून हरणं बघा आणि सराव चालू ठेवा.