गोठ्यात औषध चालू असताना गोबरगॅस कसा सांभाळायचा

गॅस कमी झाला की 'इंजेक्शन दिलं ना, त्यानंच' असं कोणीतरी हमखास म्हणतं. औषध अँटिबायोटिक असेल तर कधी ते खरं असतं, पण बरेचदा नसतं. म्हणून आधी हिशेब करा.

2 घनमीटरच्या दीनबंधू प्लांटला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. हा काला (शेण-पाण्याचं मिश्रण) 40 दिवस आत राहतो असं धरलं तर पोटात सुमारे 4,000 लिटर असतो. एक गाय रोज साधारण 10 किलो शेण देते. तिचं पाच दिवसांचं औषधाचं शेण पाण्यासकट 100 लिटर होतं, म्हणजे चाळिसावा हिस्सा. एवढ्यानं प्लांट बसत नाही. धोका दोन वेळी असतो: सगळ्याच ढोरांना एकदम औषध सुरू झालं तेव्हा, आणि ब्रॉयलर शेडवरचं कोंबडीखत स्वस्तात मिळालं म्हणून आत ढकललं तेव्हा.

सरकी ढेप, तुरीची चुनी, कुटार यांत अँटिबायोटिक नसतं. ते येतं इंजेक्शन-गोळ्यांतून, नाहीतर औषध मिसळलेल्या तयार खाद्यातून. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घालतात आणि त्याचा अंश शेडमधल्या कोंबडीखतात उतरतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर मात्र कोंबड्या-जनावरांसाठी 2019 पासून देशात बंदी आहे. घटसर्प-फऱ्याची लस अँटिबायोटिक नव्हे. लसीनंतरचं शेण बिनधास्त टाका.

टेट्रासायक्लिन गटातल्या औषधाचा मोठा भाग जसाच्या तसा शेणामुतातून बाहेर पडतो. गॅस टप्प्याटप्प्यानं बनतो: काही जीवाणू शेण फोडून आम्लं करतात, मधले ती आम्लं आणखी मोडतात, आणि त्यातून शेवटचा गट मिथेन करतो. औषधानं मधली कडी लंगडी पडली की आम्लं साचतात, सामू (पीएच) 6.5 च्या खाली जातो, आणि मग मिथेनवालेही थांबतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलेल्या वासरांच्या शेणावर झालेल्या एका प्रयोगात 64 दिवसांत 27 टक्के गॅस कमी निघाला, आणि तेवढ्या दिवसांनंतरही औषधाचा चाळीसेक टक्के भाग काल्यात शिल्लक होता.

औषध चालू असलेलं जनावर गोठ्याच्या कडेला बांधा, म्हणजे शेण-मूत वेगळं उचलता येईल. औषध चालू असेपर्यंत आणि शेवटच्या डोसानंतर 7 ते 10 दिवस ते प्लांटमध्ये घालू नका; 'एलए' म्हणजे लांब टिकणारं इंजेक्शन असेल तर दोन आठवडे थांबा. कोणतं औषध दिलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण पेनिसिलिन लवकर मोडतं, एन्रोफ्लॉक्सासिन चिवट असतं. हे शेण कुटार-पालापाचोळ्यात मिसळून वेगळा ढीग घाला आणि दर आठवड्याला परता. हवा आणि उष्णता मिळाली की टेट्रासायक्लिन बंद टाकीपेक्षा लवकर मोडतं. परतायचंच नसेल तर नाडेप टाकीही (विटांची, भोकं ठेवलेली कंपोस्ट टाकी) चालेल, ती पुसदचीच देणगी. फक्त वेळ जास्त लागतो.

कोंबडीखताचा भरवसा नसेल तर बाटली लावून बघा. एक लिटरच्या दोन बाटल्यांत प्रत्येकी आउटलेटचा 400 मिली काला घ्या. एकीत 200 ग्रॅम संशयी खत, दुसरीत 200 ग्रॅम निरोगी गाईचं शेण घाला, दोन्हींत प्रत्येकी 200 मिली पाणी टाका. तोंडाला फुगा दोऱ्यानं घट्ट बांधा आणि 10 दिवस उबदार सावलीत ठेवा. संशयी फुगा निम्माच फुगला तर कारण काहीही असो, ते खत आत जाऊ देऊ नका.

गॅस खरंच बसला तर आधी दोन गोष्टी तपासा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत शेजाऱ्याचाही गॅस कमी झाला असेल, तर दोष थंडीचा. गोठा फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडरनं धुऊन ते पाणी आत गेलं असेल, तर दोष त्याचा. हे औषधापेक्षा जास्त वेळा घडतं.

आंबूस वास, फेस, आणि शेगडीवर न टिकणारी ज्योत ही आम्ल साचल्याची खूण. लोक इथं चूक करतात: गॅस कमी म्हणून आणखी शेण ओततात, आणि आम्ल वाढतं. उलट 5 ते 7 दिवस शेण बंद ठेवा. सामू पट्टीवर 6.5 पेक्षा कमी दिसला तर अर्धा किलो विरवलेला चुना 20 लिटर पाण्यात कालवून, गाळून इनलेटमधून सोडा, बांबूनं ढवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. सगळा मिळून 2 किलोच्या वर नको. मग चांगल्या चालणाऱ्या प्लांटचा ताजा काला, 200 लिटरचे दोन ड्रम, त्याच दिवशी आणून घाला. शेण सुरू करताना पहिल्या आठवड्यात रोज 12 किलो, दुसऱ्यात 25, आणि ज्योत निळी टिकली तरच 50.

ज्योत शेगडीवरच तपासा, टाकीच्या तोंडाशी काडी ओढू नका. आणि दुरुस्तीसाठी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही एकट्यानं उतरू नका. आत श्वासापुरती हवा नसते.