चाकांचा कूलर नीट कसा चालवावा: विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी

एप्रिल लागला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. खिडकीबाहेर स्टँडवर बसणाऱ्या पत्र्याच्या कूलरला बाहेरची हवा आपोआप मिळते, म्हणून तो सहसा निराश करत नाही. चाकांचा प्लास्टिकचा कूलर मात्र घरातच फिरतो आणि घोळ तिथेच होतो. दार-खिडक्या लावून, पडदे ओढून तो एसीसारखा चालवला जातो. पहिली दहा मिनिटे झकास वाटते. तासाभरात अंग चिकट, चादर ओलसर, आणि शिव्या खातो कूलर.

कूलरच्या पोटात थंडी तयार करणारे यंत्र नसते. पंखा, पंप आणि ओल्या ताट्या (कूलरच्या बाजूंचे पॅड), एवढाच कारभार. ताटीतून जाताना कोरडी हवा पाणी उचलते आणि त्या पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता त्याच हवेतून जाते. एका लिटर पाण्यामागे ही उष्णता सुमारे 2,400 किलोज्यूल भरते. हवा आधीच ओली असेल तर ती आणखी पाणी उचलणार नाही, आणि गारही होणार नाही. म्हणजे कूलरला मागून सतत बाहेरची कोरडी हवा मिळायला हवी आणि ओली झालेली हवा खोलीतून सतत बाहेर पडायला हवी. बंद खोलीत तो स्वतःचीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो.

आधी हवा तपासा

घरात भिंतीवरचा साधा काचेचा थर्मामीटर असेल तर पाच मिनिटांत उत्तर मिळते. (तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याचे आकडे फार वरून सुरू होतात.) दुपारी सावलीत तापमान बघून ठेवा. मग थर्मामीटरच्या बल्बला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, टेबलफॅनसमोर धरा आणि पारा खाली उतरून थांबला की आकडा वाचा. दोन आकड्यांत दहा अंशांहून जास्त फरक असेल तर कूलर मस्त चालेल. पाचपेक्षा कमी असेल तर नुसता पंखा बरा.

उदाहरण घ्या. मे महिन्याची दुपार, 44 अंश, आर्द्रता 15 टक्के. ओल्या पट्टीचा पारा साधारण 23 पर्यंत उतरतो, म्हणजे फरक 21 अंशांचा. चांगली भिजलेली ताटी त्यातला पाऊण ते ऐंशी टक्के फरक तोडते, म्हणून जाळीतून 27-28 अंशांची हवा येते. तोच कूलर 33 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत लावा; हवा 28 च्या आसपास येईल खरी, पण पाण्याने जड झालेली. घाम वाळणार नाही. मुंबई, कोकण, गोव्यात कूलर का चालत नाही ते यात आले. खानदेश, मराठवाडा, सोलापूर इथे पावसापर्यंत तो बिनधास्त चालतो. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी चालतो, वळवाचा पाऊस पडून गेला की मात्र नाही.

किती मोठा घ्यावा

टाकी किती लिटरची हे दुकानदार आधी सांगतो, पण आधी विचारायचे ते हवेचे प्रमाण. खोलीतली सगळी हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे. 12 बाय 10 फुटांची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 1,200 घनफूट. मिनिटाला 600 घनफूट हवा लागेल. खोक्यावरचा आकडा ताशी घनमीटरमध्ये असतो, म्हणून 600 ला 1.7 ने गुणा: सुमारे 1,000. खोक्यावरचा आकडा नव्या, स्वच्छ मशीनचा असतो हे धरून 1,300 ते 1,500 चा कूलर घ्या. वर स्लॅब किंवा टिनाचे छत तापत असेल तर 1,500 च्या खाली जाऊ नका. 15-20 लिटरचे छोटे ‘पर्सनल कूलर’ एका माणसाच्या पलंगापुरते ठीक; त्यांच्याकडून हॉल गार व्हायची अपेक्षा ठेवू नका.

कुठे ठेवायचा, काय उघडायचे

उत्तम जागा म्हणजे बाल्कनीचे किंवा पडवीचे दार. चाकांच्या कूलरच्या हवा ओढणाऱ्या ताट्या जमिनीपासून फूट-दोन फुटांवर असतात आणि खिडकीची चौकट तीन फुटांवर, त्यामुळे खिडकीखाली ठेवलेला कूलर बाहेरच्या हवेपेक्षा खोलीतलीच हवा जास्त ओढतो. दारात ही अडचण नाही. कूलरची पाठ बाहेर, तोंड आत ठेवा आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा पुठ्ठ्याने किंवा प्लायच्या तुकड्याने बुजवा. तीनही बाजूंना ताट्या असलेला कूलर असेल तर तो उंबरठ्याबाहेर सरकवून फक्त तोंड आत राहील असा बसवा.

खिडकीशिवाय इलाज नसेल तर कूलर चौकटीच्या उंचीवर चढवावा लागतो. 40 लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचेच 40 किलो, वर कूलरचे वजन. त्यामुळे लोखंडी स्टँडच लागेल, प्लास्टिकच्या स्टुलावर हा प्रयोग नको. स्टँडवर चढवल्यावर चाकांचे लॉक लावा किंवा खाली लाकडी ठोकळे द्या. पाठ खिडकीपासून सहा इंचांच्या आत असू द्या. मागे संडास-बाथरूमची खिडकी, स्वयंपाकघराचा धूर किंवा एसीचे गरम हवा फेकणारे युनिट नाही ना, हे बघून घ्या.

आता ओली हवा जायची वाट. कूलरच्या समोरच्या बाजूची, शक्यतो कोपऱ्यातली खिडकी थोडी उघडा. 1,500 घनमीटरच्या कूलरला साधारण दोन चौरस फूट फट पुरते, म्हणजे चार फूट उंच खिडकीचे झडप सहा इंच. पंखा पूर्ण वेगात ठेवून त्या फटीत वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद बाहेरच्या दिशेने ताणला गेला की वाट बरोबर आहे. लोंबतच राहिला तर कूलरला मागून हवा मिळत नाही किंवा ती दुसरीकडून निसटते. बाहेरून लू येईल म्हणून ही फट बंद करायचा मोह होतो, पण आतून बाहेर दाब असताना गरम हवा त्या फटीतून आत येऊच शकत नाही. दोन खोल्या गार करायच्या असतील तर खिडकी दुसऱ्या खोलीतली उघडा. हवा मधल्या दारातून तिकडे जाईल.

छताचा पंखा? वरच्या मजल्यावर तो बंदच ठेवा. तापलेल्या स्लॅबखालची हवा तो डोक्यावर ढकलतो. खालच्या मजल्यावर एक नंबरवर चालला तर चालतो.

सुरू करताना

1. प्लग काढलेला असतानाच पाणी भरा. पंपाचे तोंड पूर्ण बुडले पाहिजे.
2. कूलर समपातळीत आहे का बघा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली वर आडवी ठेवली की कल कळतो. एका बाजूला कललेल्या कूलरमध्ये वरच्या पन्हाळीतले पाणी एकाच ताटीकडे धावते, दुसरी कोरडी राहते.
3. आधी फक्त पंप लावा, दहा मिनिटे. पंखा अजून बंद. कोरड्या ताट्यांवर पंखा लावला तर धूळ आणि कुबट वास थेट खोलीत येतो.
4. मागून टॉर्च मारून ताट्या बघा. फिकट, उभे कोरडे पट्टे दिसले तर पन्हाळीचे भोक बुजले आहे. काडीने मोकळे करा.
5. समोरची खिडकी उघडा आणि पंखा पूर्ण वेगात लावा. खोली निवली की मधल्या वेगावर आणा.
6. बंद करायच्या वीस मिनिटे आधी पंप बंद करा आणि पंखा चालू ठेवा. ताट्या वाळतात, वास धरत नाहीत. सकाळी हे एवढे केले तरी ताटीचे आयुष्य वाढते.

ताट्या नव्या असतील तर पहिले पाणी पिवळट निघते. अर्धा तास नुसता पंप चालवून ते फेकून द्या.

पाणी आणि बर्फ

1,500 घनमीटरचा कूलर भर दुपारी तासाला 10-12 लिटर पाणी पितो. 40 लिटरची टाकी चार तासही पुरत नाही, त्यात नवल नाही. रात्री हवा निवते तेव्हा हा खर्च निम्म्यावर येतो. ज्या दुपारी टाकी रिकामी होत नाही त्या दुपारी काहीतरी बिघडले आहे असे समजा.

आता बर्फ. कंपन्या त्यासाठी खास कप्पा देतात. हिशेब असा: दोन किलो बर्फ वितळून कूलरच्या पाण्याइतका होईपर्यंत साधारण 860 किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढी उष्णता पाव-अर्धा लिटर पाण्याची वाफ घेते, आणि दुपारी तेवढी वाफ व्हायला कूलरला दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटांच्या गारव्यासाठी फ्रीजरचे विजेचे बिल भरायचे की नाही हे तुम्ही ठरवा. माठातले पाणी टाकून तर काहीच फरक पडत नाही. तो बर्फ ताकात घाला.

बोअरचे पाणी ही विदर्भातली खरी डोकेदुखी. वाफ होऊन उडते ते निव्वळ पाणी. क्षार टाकीतच राहतात आणि प्रत्येक भरणीसोबत दाट होत जातात. नुसते वरून पाणी ओतत राहिलात तर आठवड्यात ताटीवर पांढरी पुटे चढतात, पंप घरघरतो. म्हणून बोअरच्या पाण्यावर दर तीन दिवसांनी, नळाच्या पाण्यावर आठवड्यातून एकदा टाकी बुचापर्यंत पूर्ण रिकामी करा. पुटे चढलीच तर 10 लिटर पाण्यात 250 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, पंखा बंद ठेवून अर्धा तास पंप फिरवा, सगळे ओतून दोनदा साध्या पाण्याने खळबळा. लिंबूसत्वासोबत ब्लीचिंग पावडर कधीही नको, दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाकी रिकामी करतानाच आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटून राहतात आणि वाळली तरी मरत नाहीत. नुसते पाणी बदलून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा एक कोरडा दिवस कूलरलाही पाळायला लावा.

ताट्या

वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक, लांब तंतूंच्या (बोलीत भुस्सा) ताट्या दर हंगामाला बदलायच्या. स्वस्त असतात, पण महिन्याभरात भुस्सा खाली बसतो आणि वरच्या कडेला दोन बोटे रिकामी जागा पडते. हवा कायम सोपी वाट धरते. त्या फटीतून ती न भिजताच आत शिरते आणि कूलर ‘गरम फेकतो’. जाळी उघडून भुस्सा हाताने सारखा करा, कमी पडला तर मूठभर भरा. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ताट्या तीन-चार हंगाम टिकतात, बोअरच्या पाण्यावर कमी. त्या जशा निघाल्या तशाच बसवा. उलट्या लावल्या तर थेंब आत उडतात. वाळ्याच्या ताटीचा सुवास आपल्या जागी छानच, पण गारव्यात ती जादूगार नाही.

विजेचे

इथे काटकसर नको. पाणी, पंप आणि ओली फरशी एकत्र, त्यामुळे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंगचा सॉकेट हवाच. अर्थची पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका. घरच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की ते क्षणात वीज तोडते. पाणी भरताना, टाकी पुसताना, तोंडाची जाळी हलवताना प्लग काढायचा, नुसता स्विच नाही. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर ठेवू नका. पत्र्याचा कूलर असेल तर टेस्टर बॉडीला लावून बघा. दिवा लागला तर तो कूलर आजच बंद. दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक असेही नाही, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्या.

बिघडले तर

पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही: प्लग काढा, पंपाची खालची जाळी उघडा, पंखीत अडकलेला भुस्सा काढा. थेंब अंगावर उडतात: पाणी जास्त चढते आहे, पंपाच्या नळीवरची चकती थोडी दाबा. पंखा हाताने ढकलल्यावरच फिरतो: कंडेन्सर गेला, तो त्याच मापाचा बदलून घ्या. मोटर रिवाइंड करून आणल्यापासून हवाच येत नाही: वायर उलट्या जोडल्याने पंखा उलटा फिरतोय. माशाळ वास येतो: ताट्या ओल्या राहिल्या आहेत, उन्हात दोन दिवस वाळवा, तरी गेला नाही तर बदला.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनच्या मध्यावर पाऊस आला की पंप बंद करा आणि त्याला नुसता पंखा म्हणून वापरा. शेवटी ठेवून देताना टाकी घासून कोरडी पुसा, पंप काढून साध्या पाण्यात पाच मिनिटे चालवून वाळवा, वुडवूल फेकून द्या. खालचे बुच उघडेच राहू द्या, म्हणजे उरलेला ओलावा निघून जाईल, आणि हवा ओढणाऱ्या बाजूंना जुनी चादर बांधा, नाहीतर उंदीर पंपाची वायर कुरतडतात.